एकाहत्तरावा गोल कोणाचा

वर्बा, सस्काचेवान
१९ जानेवारी २००९

थोरल्या बंधूंस, म्हणजे वासिलदादा तुला, धाकट्या नेस्टरचा वाकून नमस्कार. (दोन्ही गुडघे बदलून घेतल्यापासून वाकणं मनातल्या मनातच होतं, पण मनात मी चांगला खालपर्यंत वाकलोय.) तुझी तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? तिकडे स्वित्झर्लंडात, त्या डोंगरातल्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायची गाडी अजून तूच चालवतोस, हे नाताळच्या कार्डावरून कळलं. कार्डावर एकूण अकरा शब्द होते. मागच्या वर्षी नऊ होते. ओलेना म्हणाली, "भाऊजींनी यंदा दोन शब्द जास्त लिहिलेत, तिकडे काहीतरी बरं चाललं असणार." मीही तसंच समजून चाललोय.

इकडे सगळे ठीक. थंडी उणे छत्तीस, म्हणजे बोलण्यासारखी काही नाही. ओलेनाचा रक्तदाब माझ्यामुळे वाढतो आणि नातवंडांमुळे उतरतो, असं ती डॉक्टरला माझ्यासमोर सांगते. परास्का आत्या अठ्ठ्याऐंशीची झाली. तिला ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं, आणि जे दिसेल ते ती मोठ्याने बोलून दाखवते. हे पत्र लिहायची पाळी तिच्यामुळेच आली.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर तू कंटाळून पत्र खाली ठेवशील. लीगकडून एक अर्ज आलाय. त्यावर तुझी सही लागते. पोस्टाने पाठवलेली चालत नाही. लीगच्या अधिकाऱ्यासमोर, वर्बातच, येत्या चौदा फेब्रुवारीला, स्वतः हजर राहून करावी लागते. नियम मी केलेले नाहीत. सही कशासाठी, ते आता सांगतो, पण जरा लांबून सांगावं लागेल.

सप्टेंबरात आपल्या रिंकच्या कमिटीने ठरवलं की दाराशेजारच्या भिंतीवर माझा आकडा रंगवायचा. माझे आकडे तुला माहीत आहेतच. (नसतील तर गावात कोणालाही विचार, मी सगळ्यांना सांगून ठेवलेत.) बर्फावरच्या व्यावसायिक हॉकीचे चौदा हंगाम, पाचशे चौऱ्याऐंशी गोल, आणि त्यांतला आपल्या 'ग्रॅनिट बे कॅरिबू'कडून खेळलेला चौऱ्याहत्तरचा हंगाम, एकाहत्तर गोलांचा. त्याआधी एका हंगामात सर्वांत जास्त गोल कॉर्की लापॉइंटचे, सत्तर. तेरा वर्षं तो आकडा कोणाला हलवता आला नव्हता. मी तो एकाने हलवला आणि नंतर कोणीच माझा हलवला नाही. मोठ्या लीगमध्ये आपण कुठे नसू, पण आपल्या लीगच्या पुस्तकात पहिल्या पानावर पहिली ओळ माझी होती. तर तो ७१, निळ्या रंगात, दरवाजाएवढा, भिंतीवर चढला. मी रोज तिकडून चालत जाऊ लागलो. डॉक्टरने चालायला सांगितलंच होतं, फक्त कुठून ते सांगितलं नव्हतं.

भिंत रंगली तशी राजधानीतल्या एका खेळांच्या संग्रहालयातून एक मुलगी आली. डेलीन मोरिन तिचं नाव, चष्मा, हातात कायम पेन्सिल, आणि माझ्याबद्दल माझ्याइतकी माहिती. तिने विचारलं, त्या काळच्या फिल्म वगैरे काही आहेत का. मी म्हटलं, आहेत की, बाबांनी काढलेल्या. तुला आठवत असतील ते बिस्किटांचे पत्र्याचे डबे. हिवाळ्यात शेतावर काम नसे तेव्हा बाबा दर शनिवारी सहा तास ट्रक हाकत ग्रॅनिट बेला यायचे, गोलच्या मागच्या कोपऱ्यात त्याच एका जागी बसायचे आणि तो छोटा कॅमेरा डोळ्याला लावायचे. मृत्युपत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'हॉकीचे डबे नेस्टरला'. ते वाचून तुझा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं होतं, पण तेव्हा मी पाहिलं नाही असं दाखवलं. खरं सांगतो, पंधरा वर्षांत मी त्यातला एकही डबा उघडला नाही. एक तर प्रोजेक्टर नव्हता. दुसरं म्हणजे, आत काय असणार ते मला माहीत होतं. मीच असणार.

डेलीनने प्रोजेक्टर आणला. गुरुवार होता, म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये बायका बटाटा भरून पिरोही वळत बसलेल्या. मीच म्हटलं, इथेच लावू, सगळ्यांना बघू दे. (हे माझं वाक्य ओलेना आता घरात दिवसातून दोनदा म्हणते.) पडदा म्हणून टेबलावरची पांढरी चादर टांगली, दिवे घालवले, आणि पिठाच्या हातांनी वीस-बावीस बायका चादरीकडे तोंड करून बसल्या. मी उभा राहिलो, म्हणजे कोणता गोल कसा झाला ते सांगता यावं.

पहिला डबा लागला. पडद्यावर तू. पाठीवर बारा नंबर, थोडा पोक काढून, निवांत चाललेला, जसा तू गोठ्याकडे जायचास तसा. मी म्हटलं, थांबा, आता रबरी चकती डावीकडे येईल आणि मी दिसेन. चकती डावीकडे गेली. कॅमेरा गेला नाही. कॅमेरा तुझ्यावरच. तू चकती सोडून दिलीस, उभा राहिलास, डावीकडे बघितलंस आणि दोन्ही हात वर केलेस. गोल झाला होता. माझा. पडद्याबाहेर.

दुसरा डबा, तू. तिसरा, तू. चौथ्यात तू बाकावर बसून स्केटची नाडी बांधतोयस, आणि समोर तिकडे खेळ चाललाय, लोक उठून ओरडताहेत, आणि बाबा काढताहेत तुझी नाडी. आख्खं रीळ. तू गाठ मारलीस, ती आवडली नाही, सोडलीस, पुन्हा मारलीस.

ओलेनाने हळूच विचारलं, "अहो, यात तुम्ही कुठे आहात?"

मी म्हटलं, "ते उजव्या कडेला आलं ना आत्ता, ते कोपर माझं."

"कशावरून?"

"मला माझं कोपर कळतं."

परास्का आत्याला हे काही ऐकू गेलं नाही. तिने आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं, "हा वासिल. हाही वासिल. नेस्टरला त्या वर्षी काढून टाकलं होतं का रे?"

दादा, पाचशे चौऱ्याऐंशी गोल केलेला माणूस मी, आणि माझ्या बापाच्या फिल्ममध्ये चौदा डब्यांत मिळून दोन कोपरं, एक हेल्मेट आणि एकदा पाण्याची बाटली पिताना पाठमोरा. डेलीन बिचारी पेन्सिल चावत बसली होती. बायका हसल्या आधी. मग हळूहळू हसायच्या थांबल्या. कारण त्या सगळ्याजणींनी बाबांना बघितलेलं. त्यांना माहीत होतं, त्या माणसाने जन्मात कोणाला तोंडाने चांगलं म्हटलं नाही.

एकाहत्तरावा गोल चौदाव्या डब्यात होता. शेवटचा सामना, परगावी, तिथेही बाबा ट्रक घेऊन आलेले, दोन मिनिटं उरलेली, सत्तर आधीच झालेले. ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की ती मला पाठ आहे: गोलसमोर सहा जण एकमेकांवर पडलेले, मी डावीकडून फटका मारला, चकती फटीतून गेली, जाळं हललं, मी हात वर केले. आता फिल्ममध्ये काय आहे ते ऐक. तू त्या ढिगात सगळ्यांत वर, पालथा, डोकं गोलकीपरच्या मांडीत. माझा फटका येतो. चकती गोलकडे नाही, चांगली हातभर बाहेर चाललीय. ती तुझ्या ढुंगणावर आदळते. तिथून वळते. आत जाते. बाबांचा कॅमेरा तुझ्यावर होता, म्हणून त्या गर्दीत कोणाला दिसलं नाही ते फक्त त्या चार इंचांच्या फिल्मला दिसलं. डेलीनने तो तुकडा मागे-पुढे सात वेळा फिरवला. सात वेळा चर्चच्या हॉलमध्ये, पिरोही वळणाऱ्या बायकांसमोर, ती चकती तुझ्या ढुंगणावर आदळली. शेवटी ती म्हणाली, "नियमाप्रमाणे चकती ज्याला शेवटची लागली, गोल त्याचा." लीगचा अर्ज तिनेच भरला, त्यात 'पार्श्वभाग' लिहिलंय. शिकलेली मुलगी आहे.

मी त्याच संध्याकाळी कॉर्की लापॉइंटला फोन लावला. मला वाटलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. त्र्याहत्तर वर्षांचा आहे, नाकात प्राणवायूची नळी. सगळं ऐकून तो म्हणाला, "मला संशय होताच. तू फटका मारणारा नव्हतास, नेस्टर, तू उभा राहणारा होतास. चकती तुझ्याकडे यायची." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "तुझ्या भावाला माझा नमस्कार सांग. त्या दिवशी त्याला फार लागलं असेल." आणि फोन ठेवला.

तेव्हा कुठे, दादा, माझ्या डोक्यात उजेड पडला. तुला लागलं असेल. तुला लागलंच असणार. माझा फटका, दहा पावलांवरून, गोठलेली रबरी चकती. त्या रात्री परतीच्या बसमध्ये तू सात तास उभा होतास. सगळी टीम गात होती, मला खांद्यावर घेत होती, आणि तू मागच्या दाराशी दांडा धरून उभा. मी विचारलं, "दादा, बस की, काय झालं?" तू म्हणालास, "मूळव्याध." आख्खी बस हसली. मी सगळ्यांत जास्त हसलो. ग्रॅनिट बे येईपर्यंत तुझं तेच टोपणनाव पडलं होतं. आईला कोणीतरी कळवलं आणि तिने पोस्टाने मलम पाठवलं, तेही तू गुपचूप ठेवून घेतलंस.

ही गोष्ट मी पस्तीस वर्षं सांगत आलोय. लग्नांत, बारशांत, रिंकच्या वर्धापनदिनी. माझा विक्रम आणि दादाची मूळव्याध, एकाच दिवशी. लोक जाम हसतात. बाबांच्या दफनानंतरच्या जेवणातसुद्धा मी ती सांगितली, लोकांना जरा हलकं वाटावं म्हणून, आणि तू समोर बसला होतास, आणि तूही हसलास. नंतर बाहेर ट्रकपाशी मला म्हणालास, "त्यांना दोन मुलगे होते, पण त्यांनी मोजले फक्त गोल." मी म्हटलं, "तू उगाच मनाला लावून घेतोस." तू गाडीत बसलास. त्यानंतर वर्षाला एक कार्ड.

आता मुख्य गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. (ओलेना चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून वाचतेय, म्हणून लिहिण्याचा वेग कमी झालाय.) त्या सामन्यानंतर, बसच्या आधी, मोठ्या लीगचा माणूस आला होता. टोपीवाला. प्रेक्षकांतच बसला होता, एकाहत्तर झाले म्हणून खाली आला. सत्तरला तो खाली आला नसता, हे त्यानेच मला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये त्याने विचारलं, "तुझा भाऊ बरोबर नसला तर जमेल का?" आणि मी म्हटलं, "जमेल. तो आता जरा सावकाश झालाय." कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडं होतं. तू आत होतास, उभा. तू ऐकलंस की नाही, मी विचारलं नाही. उन्हाळ्यात तू स्वित्झर्लंडच्या एका टीमसाठी सही केलीस. मला मोठ्या लीगमध्ये तुझ्या ढुंगणाने पोचवलं, दादा, आणि मी जाताना म्हणालो, त्याची गरज नाही.

अकरा सामने खेळलो तिथे. एकही गोल नाही. त्यांचे पास देणारे तुझ्यापेक्षा तगडे होते, तरुण होते, सगळे दात जागेवर असलेले. पण ते पास द्यायच्या आधी बघायचे. तू कधी बघितलं नाहीस. गोठ्यामागच्या तळ्यावर आपण सहा-सात वर्षांचे होतो तेव्हापासून तू तिकडे तोंड करून इकडे चकती सोडायचास, जेवताना मिठाची डबी सरकवावी तशी, आणि मी तिथे असायचोच. मी कुठे असणार हे तुला माझ्याआधी कळायचं. त्या अकरा सामन्यांत मी गोलच्या डावीकडे, स्टिक बर्फावर टेकवून उभा राहायचो आणि वाट बघायचो. वीस हजार माणसं ओरडत असायची आणि मी मनात म्हणायचो, आता येईल. चकती यायची नाही. प्रशिक्षक म्हणाला, हा पोरगा नुसता उभा राहतो. बरोबर होतं त्याचं. पुढे ग्रॅनिट बेला परतलो, आणखी आठ हंगाम काढले, तीस-तीस गोल केले, माणसं चांगली मिळाली. पण प्रत्येक वेळी चकती आली की ती आपली कोणाकडून तरी आली असं वाटायचं. तुझी आली की ती आली आहे हे कळायचंही नाही, नुसतं जाळं हललेलं दिसायचं.

बासष्ट वर्षांचा झालो. झोपेत अजून उभा असतो मी डावीकडे.

मला एकच विचारायचंय. त्या दिवशी तू बोलला का नाहीस? उठून एक शब्द म्हणाला असतास, 'मला लागून गोल झाला', तर पंचांनी तुझ्या नावावर लावला असता. त्या हंगामात तुझे नऊ गोल होते. तू कधीच नऊच्या पुढे गेला नाहीस, दहाशी आपलं वाकडं आहे असं म्हणायचास. तुझा दहावा गोल होता तो. मूळव्याध म्हणालास आणि मला दिलास. ओलेना मागून म्हणतेय, "त्यात विचारायचं काय आहे? धाकटा होतात तुम्ही." तिला हे असं पटकन कळतं, मला पस्तीस वर्षं आणि चौदा डबे लागतात. तिचं म्हणणं असंही आहे की बाबांनी डबे मला दिले ते मी कौतुकाने बघावेत म्हणून नाही. मी नीट बघावं म्हणून दिले. एकदा तरी.

तर अर्जाचं लक्षात ठेव. सही, प्रत्यक्ष, चौदा फेब्रुवारी. गरम कपडे आण, तुमच्या तिकडची थंडी म्हणजे आमचा एप्रिल. वहिनींना आणि मुलांना आम्हा दोघांकडून प्रेम सांग. आणि माझ्या हातून पत्रात काही वेडंवाकडं लिहिलं गेलं असलं तर ते तुझ्या सावकाश स्वभावाप्रमाणे सावकाश वाच.

तुझा धाकटा भाऊ,
नेस्टर

ता. क. ओलेनाने पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली की थोरल्या भावाला लिहिलेलं खोटं पत्र ती काही पोस्टात टाकणार नाही. तेव्हा खरं सांगतो. तुझ्या सहीची गरज नाही. लीगचा अधिकारी वगैरे कोणी येणार नाही. गोल जो सोडतो त्याचीच सही लागते, आणि ती मी मागच्या मंगळवारी स्वयंपाकघरात केली. साक्षीदार परास्का आत्या. तिने सही करताना विचारलं, "हे वासिलला काढून टाकल्याचं आहे का?" गोल तुझ्या नावावर लागलाय. तुझे दहा झाले. माझे सत्तर, कॉर्कीच्या बरोबरीने. रंगाऱ्याने भिंतीवरच्या ७१ मधल्या एकाचं शून्य केलं, दहा मिनिटांत झालं त्याचं काम. मी बघत उभा होतो. डॉक्टरने उभं राहायला सांगितलं नव्हतं.

आणखी एक ता. क. मूळव्याधीची खरी हकिकत मी गेल्या रविवारी चर्चनंतर सगळ्यांना सांगितली. कोणी हसलं नाही. गोष्ट बिघडली ती बिघडलीच, पण आता तीच खरी आहे, तेव्हा यापुढे तीच सांगेन.

शेवटचं ता. क. चौदा फेब्रुवारीला खरं म्हणजे काहीच नाही. हॉल आहे, चादर आहे, पिरोही आहेत. डेलीनने प्रोजेक्टर तोपर्यंत आमच्याकडे ठेवलाय. त्या चौदांखेरीज अजून नऊ डबे उघडायचे आहेत. बायका रोज विचारतात, पण मी त्यांना हात लावू देत नाही. चौदा डबे मी तुझ्याशिवाय तुला बघितलं, तेवढं पुरे झालं. उरलेले तू शेजारी बसल्याशिवाय लावायचे नाहीत असं मी सगळ्यांना बजावलंय, आत्यालाही. ती अठ्ठ्याऐंशीची आहे, दादा. फार उशीर करू नकोस.